आईच्या कुड्यांची पुडी

अण्णा,

तुमचं नाव मला माहीत नाही. गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं आणि त्या सकाळी नाव विचारायचं भान मला नव्हतं. बेळगावच्या दवाखान्यात सी.टी. स्कॅनच्या खोलीत खानापूरकडच्या एका म्हातारीच्या कानातल्या कुड्या तुम्ही काढल्या होत्या. मी तिची लेक.

आधीचं थोडक्यात सांगते, कारण राग अजून गेलेला नाही. रात्री दहाला आई चांगली बोलत झोपली. पहाटे पाचला बघते तर तोंड वाकडं, उजवा हात लुळा, शब्द फुटेना. पहिल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा हाय’ म्हणून सलाईन लावलं, दोन तास गेले. दुसऱ्या, मोठ्या ठिकाणी साधा स्कॅन काढून ‘नॉर्मल’ म्हणाले आणि घड्याळाकडं बघून हिशेब मांडला: रात्री दहापासून साडेचार तास कधीच उलटले, आता मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येत नाही, घरी न्या. कुड्या निघेनात तेव्हा तिथला एक जण ‘पक्कड आणू काय?’ म्हणाला होता. शेवटी तशाच ठेवून स्कॅन उरकला.

त्या फिरक्या लग्नापासूनच्या, चाळीसेक वर्षं हाललेल्या नाहीत. तिथून तुमच्याकडं आणलं. सिस्टर आईच्या हाताला सुई लावत होत्या तेवढ्यात तुम्ही बोटावर जेली घेतलीत, एका हातानं कानाची पाळी धरलीत, ओढ बसू नये म्हणून, आणि दुसऱ्या हातानं फिरकी घोळवत राहिलात. निघाली. मग कुठल्याशा फॉर्मचा कोपरा फाडून पुडी बांधलीत, वर कन्नडमध्ये लिहिलंत ‘अज्जी, ओले २’, ओले म्हणजे कुड्या, आणि माझ्या मुठीत दिलीत.

मग तिच्या कानाशी वाकून म्हणालात, ‘अज्जी, हेदरब्याड्री.’ लगेच लक्षात आलं असावं, म्हणून मराठीत: ‘घाबरू नका. औषध आत गेलं की आंग गरम झाल्यासारखं वाटतंय. लघवी झाली असं वाटतंय, पण होत नाही. डोकं तेवढं हलवू नका.’

पहाटेपासून सगळे तिच्या डोक्यावरून माझ्याशीच बोलत होते. तिला बोलता येत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. वाचा परत आल्यावर ती म्हणाली, ‘त्या पोरानं आधी सांगितलं नसतं तर मी लाजेनं उठूनच बसले असते.’ आणि उठली असती तर? ते औषध मेंदूत कुठं वेळेवर पोचतं, कुठं उशिरा, हे बघायला मिनिटभर पुन्हा पुन्हा चित्र घेतात. डोकं हललं की सगळं मुसळ केरात.

नंतर डॉक्टरांनी पडदा माझ्याकडं वळवला. गुलाबी ठिपका लहान होता, तेवढा भाग गेलेला. भोवती मोठा हिरवा पट्टा होता, रक्त कमी पण अजून जिवंत. म्हणाले, मेंदूच्या १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. वीसच्या खाली तो गप्प होतो, दहाच्या खाली मरतो. मला आमचा माना टाकलेला भाताचा तरवा आठवला. वाफ्यात पाणी सोडलं की तो उठतो, वाळला तर नाही. डॉक्टर म्हणाले, ‘घड्याळ राहू दे, हे बघून ठरवू.’ त्याच दिवशी मेंदूच्या नसेतली रक्ताची गाठ काढली.

निवडक रुग्णांत अशी चित्रं बघून २४ तासांपर्यंत गाठ काढता येते, हे २०१८ पासून सगळीकडं मान्य झालं आहे, असं मी पुढं वाचलं. काही दवाखान्यांपर्यंत ती बातमी अजून पोचलेली दिसत नाही. असो.

आमच्या भागात पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून दगड पडतात, बसगाड्या अडतात. तुम्ही चार वाक्यांसाठी मोडकीतोडकी का असेना, तिची भाषा काढलीत. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पगारातही बसत नसेल. अशी माणसं चहाच्या टपरीवर भेटतात, एस.टी.त भेटतात, फक्त त्यांची नावं आपण विचारत नाही.

ती पुडी आईनं देव्हाऱ्यामागं ठेवली आहे, कुंकवाच्या करंड्याशेजारी. कुड्या परत कानात आहेत. उजव्या बोटांत अजून जोर नाही, फिरकी मी बसवते आणि ती ‘हळू, त्या पोरासारखी’ म्हणून मला बोलते.

पुढल्या महिन्यात तपासणीला येणार आहोत. ती तुमच्यासाठी घरचा पाच किलो तांदूळ बांधून ठेवते आहे. नको म्हणू नका. ती आता पुन्हा बोलायला लागली आहे, आणि कुणाचं ऐकत नाही.