सात महिने एकच ओळ

उस्कुदार, इस्तंबूल
१२ नोव्हेंबर

ति. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. थंडी सुरू झाली, पण आईने दिलेले मोजे आणि शाल रोज वापरते. जेवणाखाण्याचं फोनवर सांगितलंच आहे.

बाबा, "सात महिने एकच ओळ लिहितेस, मग शिकतेस काय?" असं तुम्ही विचारलंत आणि मी चिडून फोन ठेवला. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून नीट सांगते.

इथे अरबी लिपीतल्या सुलेखनाचा पहिला धडा म्हणजे एक प्रार्थना: देवा, सोपं कर, अवघड करू नकोस, चांगल्या रीतीने तडीस ने. होजा, म्हणजे आमचे गुरुजी, ती ओळ माझ्यासमोर बोरूने लिहितात. मी ती घरी बघून लिहायची. वर पातळ कागद ठेवून छापायची नाही, डोळ्यांनीच उचलायची. आठवड्याने नेली की चुकलेल्या अक्षराखाली ते लाल शाईने बरोबर अक्षर काढून देतात. माप ठिपक्यांचं असतं. बोरूचं टोक टेकवलं की तिरपा चौकोनी ठिपका उमटतो. सुलुस नावाच्या वळणातला अलिफ, म्हणजे पहिलं अक्षर, नुसती उभी रेघ, साधारण अशा सात ठिपक्यांएवढा उंच. माझा अजून डुगडुगतो.

तुम्हाला नवल वाटेल ते पुढेच आहे. सरावाचा कागद इथे टाकत नाहीत. अक्षरावर अक्षर, आडवं, उलटं, कागद काळा होईपर्यंत लिहीत जातात. त्याला 'करालामा' म्हणतात. जुन्या उस्तादांचे असे कागद चौकटीत बसवून संग्रहालयात लावलेत! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ समोरून हललेच नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा सराव, आणि तो असा सगळ्यांसमोर.

आत्याने विचारलं होतं, सगळी नक्कलच, मग तुझं स्वतःचं काय? तिला सांगा, नक्कल करणं इथे कमीपणाचं नाही. बगदादचा थोर सुलेखनकार याकूत १२९८ मध्ये वारला. त्याचं लिखाण इथल्या दुसऱ्या बायजीद सुलतानाने खजिन्यातून काढून सुलेखनकार शेख हमदुल्लाह यांच्यापुढे ठेवलं, असं सांगतात. शेखांनी ते निरखून निरखून त्यातूनच नवं वळण घडवलं. शेख १५२० मध्ये गेले. पुढे हाफिज उस्मान (१६४२–१६९८) यांनी त्यांचं लिखाण गिरवलं आणि त्यांचंही वळण निराळं निघालं. आजही शिक्षण संपताना जुन्या उस्तादाची एखादी कृती हुबेहूब लिहायची असते, तिच्याखाली गुरू इजाजत, म्हणजे स्वतःच्या नावाने लिहायची परवानगी, लिहून देतात. तोवर आपल्या लिखाणाखाली नाव घालायचं नाही. "तुझं स्वतःचं काय?" याचं माझ्याकडे आज एवढंच उत्तर आहे.

अशा छोट्या लेखनाला 'कितआ' म्हणतात. आपला कित्ता त्याच अरबी शब्दातून आलाय. तो शब्द ऐकला आणि आजोबा समोर आले, पडवीत बोरू तासत बसलेले. आधी पानभर ओळी आखायला लावायचे, मग मोडीचा कित्ता. मी अर्ध्यावर टाकून खेळायला पळायचे.

इथे १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन रोमन आली. परवा एका म्हाताऱ्या बाईंनी जुन्या पाणपोईवरचा दगड दाखवून मलाच विचारलं, काय लिहिलंय? मला दोन शब्द लागले. आपल्या घरातल्या मोडी कागदांपुढे मला तेवढंही जमायचं नाही.

धर्माचं म्हणाल तर मला कुणी काही विचारलेलं नाही. होजांनी पहिल्या दिवशी फक्त माझा हात बघितला. ते फी घेत नाहीत, या विद्येचे पैसे न घेण्याची इथली जुनी रीत आहे. त्यामुळे शिष्यवृत्तीतून काही जात नाही, आणि विद्यापीठाचा अभ्यासही मागे पडलेला नाही.

दादाच्या लग्नासाठी ४०,००० रुपये पाठवलेत. बाबा, ठेव मोडू नका, फेब्रुवारीत आणखी पाठवते. आई, सांगलीच्या स्थळाला एवढ्यात होकार कळवू नकोस. मुलगा चांगलाच असेल, पण मला अजून दोन वर्षं तरी लागतील. लोकांना उत्तरं तुला द्यावी लागतात, हे कळतं मला. आजोबा गेले तेव्हा "एवढ्या लांबून नको येऊस" म्हणालात आणि मी लगेच ऐकलं. ऐकायला नको होतं. एप्रिलचं तिकीट काढलंय, लग्नाच्या आठ दिवस आधी पोचते.

माळा रिकामा करताय असं दादा म्हणाला. आजोबांची ट्रंक रद्दीत देऊ नका. तिच्यात बोरूंची पुरचुंडी आहे, आणि माझा अर्धवट कित्ताही असेल.

तुमची,
मनू