बाबा, यार्डात माझ्यासाठी शब्द टाकू नका

पुणे, रविवार

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

आमच्या फर्मचे सर नव्या सीएंकडून ‘क्लाएंट आणा’ अशी अपेक्षा ठेवतात, हे मी फोनवर बोलता बोलता सांगितले आणि बाबा, तुम्ही ते फारच मनावर घेतलेत. बार्शीच्या मार्केट यार्डात ओळखीच्या आडत्यांकडे एकेक फेरी मारायची आणि मुलगी आता सीए झाली आहे, तेव्हा यंदापासून तुमचे ऑडिट तिच्याकडे द्या, असा शब्द टाकायचा तुमचा बेत असल्याचे आईने कळवले. तुमची त्यामागची तळमळ मला समजते. तरीही तुम्ही जाऊ नये अशी माझी विनंती आहे, आणि त्याची कारणे फोनवर नीट सांगता येत नाहीत म्हणून हे पत्र.

आधी सरांची बाजू सांगते, कारण ते काही पिळवणूक करणारे गृहस्थ नाहीत. आमची फर्म म्हणजे सर, मी, दोन आर्टिकल, म्हणजे सीएचे शिकाऊ उमेदवार, आणि टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर सांभाळणारे एक काका. माझा पगार महिना 45 हजार, म्हणजे वर्षाला 5 लाख 40 हजार. जीएसटीची दरमहाची कामे आणि वर्षअखेरचे रिटर्न धरून एखादा लहान दुकानदार आम्हाला वर्षाला साधारण 25 हजार देतो, तेही दोन-तीनदा आठवण केल्यावर. एकट्या माझ्या पगारासाठी अशी बावीस दुकाने लागतात, आणि जागेचे भाडे, सॉफ्टवेअर, बाकीच्यांचे पगार हे सगळे त्यानंतर. आयुष्यभर दुसऱ्याच्या गादीवर बसून जमाखर्च मांडलेल्या माणसाला हे गणित मी समजावून सांगायला नको.

शिवाय सरांची खरी चिंता निराळी आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्यांची गिऱ्हाइके त्यांच्याच वयाची आहेत. लक्ष्मी रोडवरचे कापडवाले, भवानी पेठेतले भुसारी आता साठीकडे झुकले आहेत, आणि दुकान मुलाच्या हाती गेले की मुलगा कॉलेजमधल्या मित्राच्या फर्मकडे वळतो. म्हणून ‘तुमच्या वयाची माणसे आणा’ असे सर म्हणतात, त्यात तथ्य आहे. मात्र फर्म म्हातारी होत आहे, हा प्रश्न मालकाचा आहे. तो पगारी माणसाच्या गळ्यात बांधून सुटत नाही.

आता कायद्याचे सांगते. 1949 च्या चार्टर्ड अकाउंटंट्स अधिनियमाला जी पहिली अनुसूची जोडलेली आहे, तिच्या पहिल्या भागातले सहावे कलम असे, की व्यवसाय करणाऱ्या सीएने पत्रक काढून, जाहिरात करून, स्वतः भेटून किंवा अन्य कोणत्याही मार्गाने, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, अशिलाकडे काम मागितले तर ते व्यावसायिक गैरवर्तन ठरते. दुसऱ्या सीएकडे काम मागायला मुभा आहे, व्यापाऱ्याकडे मागायला नाही. मी पगारी असले, तरी माझ्या वतीने तुम्ही कोणाच्या गादीवर जाऊन बसलात आणि ते काम आमच्या फर्मकडे आले, तर ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द नेमका तेथे लागू पडतो आणि उत्तर सरांना द्यावे लागते. हा नियम रोज किती पाळला जातो, ते लग्नसमारंभांत कार्डे वाटणाऱ्यांकडे पाहिले की कळते; पण ज्या परीक्षेत मी हे कलम पाठ करून लिहिले, त्या परीक्षेतून मिळालेल्या अक्षरांच्या जोरावर तेच मोडायला माझे मन घेत नाही.

याहून अडचणीची गोष्ट यार्डातलीच आहे. त्या आडत्यांचे ऑडिट आज ज्या सीएंकडे आहे, त्यांच्याकडेच तुम्ही वर्षानुवर्षे मार्चअखेरची कीर्द-खतावणी बांधून घेऊन जात होता. मी बारावीत असताना सीएचा अभ्यासक्रम कसा असतो, हे त्यांनीच तुम्हाला कागदावर लिहून दिले होते. ऑडिट एका सीएकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा नव्याने आधीच्याला लेखी कळवावेच लागते, तसे न करता काम स्वीकारणे हेसुद्धा गैरवर्तनच. म्हणजे तुमचा शब्द खरा ठरला, तर पहिले पत्र मला त्यांनाच पाठवावे लागेल. त्यांचे काम वाईट असते तर गोष्ट वेगळी होती, पण तुमच्याच तोंडून मी त्यांच्याविषयी चांगल्याखेरीज काही ऐकलेले नाही.

आणि समजा, मी गिऱ्हाईक आणले, तर ते कोणाचे? माझ्या नेमणूकपत्रात एक ओळ आहे, की नोकरी सोडल्यावर दोन वर्षे फर्मच्या कोणत्याही अशिलाचे काम मी करू नये. 1872 च्या करार कायद्याचे 27 वे कलम पाहता अशी अट न्यायालयात सहसा टिकत नाही, हे सरांनाही ठाऊक असावे, पण ती लिहिण्यामागची वृत्ती त्यातून दिसतेच. ओळख माझ्या वडिलांची, भीड त्यांची, आणि आलेले गिऱ्हाईक मात्र फर्मचे! भागीदाराकडून ही अपेक्षा ठेवली तर मी समजू शकते, कारण नफ्यात त्याचा वाटा असतो. माझा वाटा पगारापुरता आहे, मग जबाबदारीही कामापुरती असावी.

माझ्याआधी या जागेवर जे होते, त्यांच्या सासऱ्यांचा बांधकामाचा धंदा होता. ते आले आणि त्यांच्यामागोमाग चार प्रकल्पांचे हिशेब फर्ममध्ये आले. सर अजून त्यांचे उदाहरण देतात. त्या गृहस्थांना जमाखर्च कळत नव्हता असे मी म्हणणार नाही, पण त्यांची जी वाहवा होते ती सासऱ्यांची आहे. ‘किती गिऱ्हाइके आणली’ या मापाने नव्या सीएला मोजायचे ठरवले, की ज्याच्या घरात आधीपासून धंदा आहे तो वर जातो आणि दिवाणजीची मुलगी खाली राहते, मग तिचे ऑडिट कितीही चोख असो.

गिऱ्हाईक येते कसे, हे मी गेल्या उन्हाळ्यात पाहिले. हार्डवेअरच्या एका दुकानदाराने माल घेतला होता, कर भरून पक्के बिल हातात होते, पण 14 तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर 2बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा गोषवारा, तयार झाला तेव्हा त्यात ते बिल नव्हते. पुरवठादाराने आपल्या जीएसटीआर-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणात, ते दाखवलेच नव्हते, आणि 2022 पासून 2बी मध्ये न दिसणाऱ्या बिलावरच्या कराची वजावट घेता येत नाही. मी त्या पुरवठादाराच्या अकाउंटंटला फोन करून बिलाचा क्रमांक वाचून दाखवला आणि पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत ते भरून घेतले. तोवर वजावट पुढे ढकलली. त्या दुकानदाराने एवढेच विचारले, “आधीच्या महिन्यांतही असे राहून गेले असेल का?” होते. दिवाळीनंतर त्यांचे मेहुणे आपणहून आमच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढून आले. मी कोणाकडेही काही मागितले नव्हते.

हे सगळे मी सरांशी बोलले. आहेत त्या गिऱ्हाइकांपैकी काहींचे काम पूर्णपणे माझ्याकडे द्या, त्यांच्या मुलांशी बोलणेही मग माझ्याकडेच येईल, आणि वर्षाअखेरीस त्यांतले किती टिकले आणि त्यांनी नवे कोणते काम दिले यावरून मला जोखा, असे मी सुचवले. 1 एप्रिल 2026 पासून आयकराचा नवा कायदा लागू झाल्याने जुनी कलमे विसरून नवी शिकायची आहेत, त्यालाही वेळ हवा, हेही सांगितले. सरांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. कापडवाल्यांच्या काही फायली मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर होत्या. मार्चपर्यंत पाहीन. तोवर त्यांचा आग्रह सुटला नाही, तर दुसरी नोकरी शोधीन. तशी वेळ आली तर तुम्हाला आधी कळवीन.

बाबा, यार्डात कोणी आपणहून विचारले, तर फर्मचा फोन नंबर जरूर द्या. त्यात काही गैर नाही. फक्त विषय तुम्ही काढू नका, आणि फी किती हे तर मुळीच सांगू नका. आई, मावशीने मामेभावाच्या रिटर्नसाठी फोन केला, तर ‘घरचेच काम आहे, पैसे कसले’ असे म्हणू नकोस. त्याचा फॉर्म 16, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, आणि बँकेचे व्याजाचे दाखले आधी पाठवायला सांग. काम सोपे असेल तर फी कमी होईल, पण पावती फर्मचीच निघेल.

बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून झाला असेल, तर त्याचा फोटो पाठवा.

तुमची,
मुग्धा