ताई, त्या पेन्सिलच्या खुणांबद्दल

ताई,

परवा पदव्युत्तरच्या शेवटच्या सत्राची फी भरली. पावती फाइलला लावताना तुझ्या पेन्सिलच्या खुणांचा तो कागद हाती आला. तेव्हा नीट आभारही मानले नव्हते, म्हणून हे पत्र.

प्रवेशाचं पत्र नाचवत मी तुझ्याकडे आले होते. 'एकूण आर्थिक साहाय्य' असं ठळक अक्षरांत, आणि जवळजवळ सगळा खर्च भागत होता! तू अभिनंदन केलंस आणि पेन्सिल मागितलीस. शिष्यवृत्तीखाली सरळ रेघ, कामाच्या मानधनाखाली नागमोडी, कर्जाच्या आकड्याभोवती गोल. "हे मिळालेलं, हे राबून मिळवायचं, हे परत करायचं. आता साहाय्य किती ते तूच सांग." गोलातला आकडा सगळ्यात मोठा होता.

हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होणार, तोवर कर्जाकडे बघायचंच नाही, असा माझा हिशेब. तू शेकडा 10 दराने सरळव्याज मांडून दाखवलंस: दोन वर्षांत मुद्दलाचा पाचवा हिस्सा नोकरी लागण्याआधीच डोक्यावर. तो पुढे मुद्दलात मिसळला की व्याजावर व्याज. त्या रात्री झोप आली नाही, हे तुला कधी सांगितलं नाही.

फेरविचाराचा अर्ज करता येतो, हे तर गावीही नव्हतं. आमचं उत्पन्न आदल्या वर्षाच्या कागदांवरून धरलेलं, आणि बाबांची नोकरी गेली त्यानंतर. मी दोन पानं दुःख लिहून आणलं. तू चार वाक्यं ठेवलीस: काय बदललं, कधी, उत्पन्न कितीने घटलं, सोबत कोणते पुरावे. "रडगाणं नको, कागद जोड." मला राग आला होता, खरं सांगते. पण अनुदान वाढलं. सगळं नाही भागलं. उरलेल्यासाठी तू मला विभागात अध्यापन साहाय्यकाच्या जागेबद्दल विचारायला लावलंस. पहिल्यांदा नकार आला, दुसऱ्या सत्रात जागा मिळाली आणि तिच्यासोबत थोडी फीमाफीही.

आणि हो, 'हमखास शिष्यवृत्ती'वाल्यांना मी नोंदणीचे पैसे देऊन बसले होते, तेव्हा तू रागावली नाहीस. "देणारा आधी मागेल कशाला?" एवढंच म्हणालीस. ते पैसे गेले ते गेलेच.

शिष्यवृत्तीच्या पत्रातली बारीक अक्षरांतली गुणांची अटही तूच अधोरेखित केली होतीस. पहिल्या सत्रात मी त्या अटीच्या अगदी काठावर होते. ती ओळ डोळ्यांसमोर नसती, तर जड वाटणारा तो विषय मी परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत ढकलला असता आणि नूतनीकरण हातचं गेलं असतं.

वाढलेलं अनुदान आणि फीमाफी यांमुळे कर्ज कमीच उचलावं लागलं, आणि मानधनातून दर महिन्याला त्याचं व्याज भरत आले. गोलातला जुना आकडा खोडून शेजारी आजचा लिहिलाय, निम्म्याहून कमी आहे. फोटो पाठवते. बेरीज तपासून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

तुझी,
पेन्सिल परत न दिलेली