बचत मीटरवर दिसली पाहिजे

माननीय संपादक,

गोव्यात दरवर्षी १४ डिसेंबरला, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, किती एलईडी दिवे वाटले आणि किती पथदिवे बदलले याचे आकडे वाचायला मिळतात. किती युनिट वाचले तेही कळते, पण तो आकडा बहुधा मीटरवरून घेतलेला नसतो. दिव्यांची संख्या, वॉटमधला फरक आणि तास यांचा तो गुणाकार असतो. बचतीची लक्ष्ये कागदावर गाठली जातात आणि वीज खात्याकडची विजेची मागणी तरी वाढतच राहते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

६० वॉटचा पिवळा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला आणि तो रोज ५ तास पेटला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात. त्या घरात आधीच १४ वॉटचा सीएफएल असेल तर वाचतात जेमतेम ९. दिवा तोच, खर्च तोच, बचत दशांश. आधी काय होते याची नोंद केलीच नाही, तर हिशेब करणारा ९३ धरणार हे उघड आहे.

पथदिव्यांचेही तेच. १५० वॉटचा सोडियम दिवा चोकसह साधारण १७० वॉट घेतो. त्याजागी ७० वॉटचा एलईडी आला की दिव्यामागे १०० वॉट वाचले, वर्षाला ४,००० तास धरून ४०० युनिट. शंभर दिव्यांचे ४०,००० युनिट. पण बदलण्याआधी त्या शंभरातले वीस बंदच होते, हे कुठल्याही पंचायतीचा पंच सांगेल. आधी ऐंशीच दिवे वीज घेत होते, आता शंभर घेतात; मग खरी बचत २६,४०० युनिटच भरते. वस्ती उजळली ही चांगलीच गोष्ट, पण तिची नोंद वेगळ्या रकान्यात हवी. पुढे पावसाळ्यात टायमर किंवा कॉन्टॅक्टर (दिवे चालू-बंद करणारा विद्युत स्विच) अडकतो आणि दिवे दिवसाही जळू लागतात. चोवीस तास जळणारा ७० वॉटचा एलईडी दिवसाला १.६८ युनिट घेतो. जुना सोडियम रात्रीच्या ११ तासांत १.८७ घेत होता. वायरमन येईपर्यंत बचत जवळपास शून्य. पथदिव्यांच्या स्विचिंग पॉइंटला (जिथून दिवे चालू-बंद होतात तिथे) स्वतंत्र मीटर नसेल तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

खरी मोठी बचत मात्र दिव्यांत नाहीच, ती पाण्याच्या पंपांत आहे. ताशी १०० घनमीटर पाणी ५० मीटर उंच चढवायला निव्वळ १३.६ किलोवॉट लागतात. पंपाची कार्यक्षमता ७५ टक्के आणि मोटरची ९२ टक्के असेल तर मीटरवर १९.७ किलोवॉट दिसतात. इंपेलर (पाणी ढकलणारे पंपातले चाक) झिजून, गाळाने खरवडून पंप ५५ टक्क्यांवर आला की तेच पाणी २६.९ किलोवॉट खाते. रोज १६ तास चालणाऱ्या अशा एकाच पंपावर वर्षाला सुमारे ४२,००० युनिट वाया जातात. म्हणजे पिवळे बल्ब बदलण्याच्या हिशेबातले साडेचारशे दिवे. त्यात पंप गरजेपेक्षा मोठा घेतलेला असतो आणि डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवलेला असतो. मोटर जळली की स्वस्तातल्या रिवाइंडिंगला जाते आणि दर खेपेला टक्काभर कार्यक्षमता गमावून परत येते.

हे सगळे एका दिवसात तपासता येते. पाइपला बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर, पंपाच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज आणि पॅनेलवर पॉवर अॅनलायझर, एवढेच लागते. तरीही काम होत नाही, कारण नवा पंप भांडवली खर्चातून घ्यायचा आणि विजेचे बिल दुसऱ्याच शीर्षाखाली भरायचे. निविदेत सर्वांत कमी किंमत जिंकते. मोटरींच्या कार्यक्षमतेचे आयई-२, आयई-३ असे चढते वर्ग असतात; १५ किलोवॉटच्या मोटरीत आयई-२ची कार्यक्षमता ९०.६ टक्के, आयई-३ची ९२.१ टक्के. वर्षाला ६,००० तास चालली तर फरक १,६०० युनिटांचा. दहा वर्षांच्या विजेसह किंमत तोलण्याची अट निविदेत असेल, तरच आयई-३ला संधी मिळते.

हॉटेलांची बचत मोजताना तर पर्यटनाचा हंगाम धरावाच लागतो. जुलैचे बिल डिसेंबरच्या बिलाशी ताडून पाहिले तर कुठलेही हॉटेल काटकसरी ठरेल. भरलेल्या खोलीमागे युनिट काढून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी. एसीच्या स्टार लेबलवरचा वार्षिक वापर १,६०० तासांवर काढलेला असतो; किनाऱ्यावरच्या खोलीत एसी त्याहून बराच जास्त चालतो. खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटच्या पट्ट्या काही वर्षांत कुजतात आणि पाच स्टारचा एसी नावापुरता पाच स्टार उरतो. गंजरोधक थर लावलेली कॉइल आणि वर्षातून दोनदा गोड्या पाण्याने धुणे, याचे स्टारशी देणेघेणे नाही, पण युनिटशी आहे. कपॅसिटरच्या पेट्या ‘वीज वाचवणाऱ्या’ म्हणून विकल्या जातात, त्यांच्याबद्दल एवढेच: पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारे प्रमाण) सुधारून बिलातला दंड टळतो, युनिट जवळजवळ तेवढेच राहतात.

लक्ष्य किती कडक ठेवावे हा प्रश्न दिल्लीलाही सुटलेला नाही. मोठ्या कारखान्यांना ऊर्जा बचतीचे लक्ष्य देणाऱ्या केंद्राच्या ‘पॅट’ योजनेच्या २०१२ ते २०१५ या पहिल्या फेरीत ४७८ कारखान्यांना मिळून ६.६८६ दशलक्ष टन तेलाइतक्या ऊर्जेच्या बचतीचे लक्ष्य होते. साध्य झाले ८.६७. कौतुक झाले, पण लक्ष्यापेक्षा जास्त वाचवणाऱ्याला विकता येतील अशी बचत प्रमाणपत्रे मिळतात; लक्ष्य सैल असले की ती जास्तीची बाजारात येतात आणि त्यांचा भाव पडतो. मग पुढची बचत करायला कोणाला उत्साह राहणार?

इमारतींच्या ऊर्जा संवर्धन संहितेचा अडसर वेगळा आहे. केंद्राचा सुधारित ऊर्जा संवर्धन कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे आणि १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणीच्या इमारती त्याच्या कक्षेत येतात. नगरनियोजन खात्यात नकाशा मंजूर होतो, वापर परवाना पंचायत देते. काचेची उष्णता-वाहकता आणि छताचे इन्सुलेशन पंचायत सचिवाने तपासावे ही अपेक्षाच चुकीची आहे. ते काम मान्यताप्राप्त ऊर्जा लेखापरीक्षकाकडे द्यावे आणि त्याचा दाखला नसेल तर वीज खात्याने कायमची जोडणी देऊ नये.

वीज खात्याची अडचणही समजण्यासारखी आहे. महाग दराने वीज घेणाऱ्या व्यावसायिक ग्राहकाने युनिट वाचवले की खात्याचा महसूल घटतो. गोव्याचे वीजदर ठरवणाऱ्या संयुक्त वीज नियामक आयोगाने ही तूट दरात कशी धरायची ते ठरवून दिल्याशिवाय खाते मनापासून यात उतरणार नाही.

राज्याने पुढचे लक्ष्य ठरवण्याआधी पाण्याच्या प्रत्येक पंपघराला आणि पथदिव्यांच्या प्रत्येक स्विचिंग पॉइंटला मीटर लावावा, हंगाम आणि पावसाळा दोन्ही येतील असे बारा महिन्यांचे वाचन घ्यावे, ते खात्याच्या संकेतस्थळावर ठेवावे आणि तीन वर्षांनी त्याच मीटरवर पुन्हा मोजणी करावी.

— एक ऊर्जा लेखापरीक्षक, फोंडा