बागेची पट्टी

लातूर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आमच्या दवाखान्यात शेवटच्या आजारातल्या रुग्णांसाठी बाग करायची म्हणून पट्टी, म्हणजे वर्गणी, गोळा करतोय असं मी परवा फोनवर सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "मरणाऱ्या माणसाला बाग कशाला गं? त्या पैशात औषधं आणा की." तेवढ्यात वॉर्डातून हाक आली आणि उत्तर राहूनच गेलं. फोनवर ते नीट सांगताही आलं नसतं, म्हणून लिहिते. आईला वाचून दाखवा.

आधी औषधांचं. आमच्या वॉर्डात येणाऱ्यांचा आजार बरा होण्याच्या पलीकडे गेलेला असतो, तेव्हा दुखणं कमी करणं हाच उपचार. त्यासाठीचं मुख्य औषध मॉर्फिन, आणि ते महाग नाही. पूर्वी परवान्यांच्या भानगडीत ते दवाखान्यापर्यंत पोचायचंच नाही. २०१४ मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून जरा सोपं झालंय. साधी गोळी चारेक तास पुरते. दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दुखणं उतरतं. माणूस बोलायला लागतो, चहा मागतो, लेकराबाळांची नावं घेतो. हे मधले दोन-तीन तासच काय ते त्याचे स्वतःचे, आणि ते जातात छताकडे बघण्यात.

मागे वडवणीकडचे एक काका होते. सगळी उमर ऊसतोडीत गेलेली, वर्षातले सहा महिने फडावर उघड्यात झोपणारा माणूस. सारखे म्हणायचे, मला भाएर न्या. शेवटी त्यांच्या पोरांनी स्ट्रेचर ढकलत नेलं ते पार्किंगमध्ये, कारण दुसरी जागाच नाही. शेजारी जनरेटर धडधडतोय, रिक्षावाले हॉर्न वाजवतायत. काका तरी खूश होते म्हणा. मला मात्र त्या दिवशी फार राग आला. कुणाचा आला ते सांगता येणार नाही.

आणि बाबा, बाग एकट्या रुग्णासाठी नाहीच. सोबतच्या माणसांचं काय होतं ते रोज बघते. आठ खाटांच्या वॉर्डात मधे नुसता पडदा. तिथे कोण रडणार? सुना बाथरूममध्ये जाऊन रडतात. बाया जिन्यात बसून भाकरी खातात, वॉचमन आला की फडकं गुंडाळून उठतात. भावाभावांना जमिनीचं बोलायचं असतं, गावी निरोप द्यायचा असतो, घरी न्यायचं की इथेच ठेवायचं ते ठरवायचं असतं. सगळं शेजारच्या खाटेला ऐकू जातं. उपचाराला सरकारी योजना आहे. बाकड्याला, सावलीला नाही. म्हणून ही बागेची पट्टी.

आमचे मोठे डॉक्टर देणगीदारांना अमेरिकेतला एक अभ्यास सांगतात, १९८४ सालचा. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्यांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकंही कमी लागली. खरा आहे तो अभ्यास. पण ते रुग्ण बरे होऊन घरी जाणारे होते, आमचे तसे नाहीत. म्हणून मी कुणाकडे गेले की जिन्यातल्या भाकरीचंच सांगते. लोकांना ते लगेच पटतं.

पाण्याचा प्रश्न तुम्ही विचारणारच. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे बाग म्हटलं की पहिले सगळे हसतात. म्हणून हिरवळ लावायचीच नाही असं ठरलं. ठेकेदार फार मागे लागला होता, फोटो चांगले येतात म्हणे. इमारतीमागे जुना कडुनिंब आहे, तो धरूनच सगळं आखलंय. शिवाय करंज, बकुळ, बहावा, सगळं ठिबकवर. मागच्या इमारतीचं छत तीनशे चौरस मीटर आहे. सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर दोन लाख लिटरच्या वर पाणी पडतं. गळती-बाष्प सोडून दीड लाख तरी हाती यावं. टाकीत मावेल तेवढं टाकीत, बाकीचं बोअरमध्ये जिरवायचं. पाऊस सातशे झाला तर, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते.

वाटेवर सगळ्यात जास्त वाद झाला. पेव्हर ब्लॉक स्वस्त पडत होते. पण आजार हाडात उतरलेला माणूस चाकाच्या खुर्चीत असला, तर ब्लॉकांच्या दर सांध्याला बसणारा हादरा त्याच्या कमरेत जातो. त्यामुळे सलग काँक्रीट, आणि खाट फिरेल एवढी रुंद वाट. खर्च वाढला, पण तिथे मी हटले नाही.

आई, तू रातराणीचं रोप देते म्हणालीस. नको गं. ज्यांना सारखी मळमळ होते त्यांना उग्र वास सोसत नाही, उलट्या होतात. त्यापेक्षा अंगणातल्या सदाफुलीची रोपं दे, दुधाच्या पिशव्यांत लावून. पाणी कमी लागतं, शेळी तोंड लावत नाही, वास नाही. आणि कॅन्सरवरचं एक औषध, व्हिन्क्रिस्टीन, त्याच झाडापासून मिळतं. तू तिला उगीच "कुठंबी उगवती" म्हणून उपटत असतेस.

बाकड्यांवर देणगीदारांची नावं घालायची नाहीत, हेही मी भांडून घेतलं. एका व्यापाऱ्यानं वडिलांच्या नावाचं बाकडं देऊ केलं होतं, पाठीवर मोठ्या अक्षरात "कै." लिहून. बाबा, ज्याचा बाप तिथे खुर्चीत बसलाय, त्यानं ते अक्षर वाचत बसायचं का? नावांची यादी कार्यालयाबाहेर लागेल. व्यापारी रागावले, पण पैसे दिले. दुसऱ्या एकांनी उलट हात जोडून सांगितलं, आमचं नाव कुठेच नको, लोक म्हणतील मरायच्या जागी दान दिलं.

हिशेब मात्र तुमच्याच पद्धतीनं चाललाय. सप्ताहाच्या पट्टीत तुम्ही दोन रकाने करायचे, आलेले आणि कबूल केलेले, आणि काल्याच्या दिवशी पाच रुपयांपासून सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचे. इथेही तसंच. "सोयाबीन विकल्यावर देतो" म्हणणाऱ्यांचा आकडा वेगळा लिहिते, तो धरून काम काढू देत नाही. दर महिन्याला हिशेबाचा कागद वॉर्डाच्या दाराशी लागतो. दोन हजारांच्या वरची रक्कम रोखीत घेत नाही, कारण तिच्यावर देणाऱ्याला आयकरातली सवलत मिळत नाही. ट्रस्टीमंडळींना हे सगळं जरा गावंढळ वाटतं. पण पहिला कागद लागल्यावर रुग्णांच्या नातेवाइकांनीच पन्नास-शंभर द्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडून घ्यायचं नाही असं मी म्हणत होते. एका आजीनं दटावलं, "मला काय भिकारी समजतीस?" पावती फाडली.

तर आता मागणं. तुम्ही अकरा हजार पाठवायचं म्हणताय, ते पाठवू नका. आधी सोसायटीचं कर्ज भरा. पाचशे एक द्या आणि पावती घ्या. मला पैशापेक्षा तुम्ही इथे हवे आहात. तुम्ही पट्टीला गेलात की माणसं नाही म्हणत नाहीत, हे मी लहानपणापासून बघितलंय. इथल्या आडत बाजारात दोन दिवस माझ्याबरोबर फिरा.

बुधवारी या, सोमवारी ओपीडीची गर्दी असते. एसटीत दोघांनाही अर्धं तिकीट आहे, आधार कार्डं आठवणीनं घ्या. आणि आईच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या असतील तर केजला घेऊ नका, मी इथून घेते.

तुमची,
धाकटी