दुसऱ्या पसंतीचे गणित वाचकांपुढे मांडा

विधान परिषदेच्या निकालात ‘कोटा 23’ (विजयासाठी लागणारी मते) एवढेच छापले जाते, आणि 22 मते घेणारा कसा निवडून आला, हे वाचकाला उमगत नाही. जुलै 2024 ची निवडणूक घ्या. 11 जागा, 274 आमदारांचे मतदान. आमदारांच्या अशा निवडणुकीत प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य 100 धरतात. 27,400 भागिले 12 (जागांहून एक जास्त), अपूर्णांक सोडून अधिक 1, म्हणजे कोटा 2,284, ढोबळमानाने 23 मते. काँग्रेसच्या उमेदवार प्रज्ञा सातव यांना पहिल्या पसंतीची 25 मते होती, म्हणजे मूल्य 2,500, कोट्याहून 216 अतिरिक्त. शिवसेना (उद्धव ठाकरे) पक्षाचे मिलिंद नार्वेकर 22 मतांवर, म्हणजे मूल्य 2,200, 84 ने कमी. अतिरिक्त मूल्य पत्रिकेवरील पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाते. सातव यांच्या 25ही पत्रिकांवर पुढची पसंती असेल, तर 216 भागिले 25, अपूर्णांक सोडून प्रत्येकी 8. अशा 11 पत्रिका नार्वेकरांकडे वळल्या तरी 88 मिळून कोटा ओलांडतो. म्हणूनच पक्ष आपल्या आमदारांना दुसरी पसंतीही नेमून देतात. मतदान गुप्त असते, राज्यसभेसारखे ते पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावे लागत नाही, तेव्हा फाटाफूट नेमकी कुणी केली हे सिद्ध होत नाही.

पदवीधर मतदारसंघात मात्र सुशिक्षितांचीच मते बाद होतात, याचे वाईट वाटते. ‘1’ न लिहिता बरोबरची खूण करणे, ‘एक’ असे अक्षरी लिहिणे, स्वतःचा पेन वापरणे, सही करणे: पत्रिका बाद. ‘2’ चुकला तर पहिले मत शाबूत राहते. मतदानाआधी नमुना मतपत्रिका ठळक छापावी, ही विनंती.

— एक वाचक