गोधडीतला क्रीपर

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मुलं आणि व्हिडिओ गेम यावर आपल्या पेपरात सध्या बरंच येतंय, मी सगळं वाचते आणि त्यातली काळजी मला पटतेही. फक्त प्रत्येक वेळी गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते, फोन काढून घ्या, वेळ बांधून द्या. आमच्याकडे तेही करून झालंय. पण माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने वाढदिवसाच्या आधी ‘आत्या मला माइनक्राफ्टची गोधडी शिवून दे’ असा हट्ट धरला आणि त्यानंतरचे चार महिने जे काही झालं ते लिहावंसं वाटलं म्हणून हे पत्र.

गेमची चित्रं छापलेली तयार चादर मिळते, ती आणू का विचारलं तर नको म्हणाला. त्याला क्रीपरचा, म्हणजे त्या गेममधल्या हिरव्या राक्षसाचा, चेहरा हवा होता, अख्खी गोधडी भरून. मी बरीच वर्षं शिवणकाम करते पण हा गेम कधी बघितलाच नव्हता, मग त्याने मला शेजारी बसवून दाखवला. बघितल्यावर पहिली गोष्ट डोक्यात आली ती ही की अरे हा तर चौकोनांचा खेळ आहे, क्रीपरचं तोंड म्हणजे आठ आडवी आठ उभी अशी 64 घरं, आणि आपली तुकड्यांची गोधडी तरी दुसरं काय असते!

आणि हे फक्त याच गेमचं नाही. गेमच्या जुन्या मशीनमध्ये जागाच इतकी कमी होती की मोजक्या घरांत चित्र बसवावं लागायचं. 1981 च्या डाँकी काँग या गेममध्ये मारिओ हे पात्र पहिल्यांदा आलं तेव्हा एवढ्याशा चित्रात केस काढायला जमेनात म्हणून टोपी दिली आणि तोंड दाखवायला जागा नाही म्हणून मिशी. 1978 च्या स्पेस इनव्हेडर्समधला तो खेकड्यासारखा शत्रू 11 आडव्या आणि 8 उभ्या घरांत बसतो आणि एकाच रंगाचा आहे. टेट्रिसचे सात आकार, प्रत्येकात चारच चौकोन. ज्यांनी कधी गोधडी केलीच नाही त्यांनी खरंतर इथूनच सुरुवात करावी, गोलाई नाही, वळण नाही, सगळी सरळ शिवण.

मी आधी एकच हिरवं कापड आणलं होतं. भाच्याने ते बघून मान हलवली, म्हणाला आत्या नीट बघ, एकच हिरवा नाहीये. मी स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर खरंच, फिकट, गडद, पोपटी, राखाडीकडे झुकणारा असे किती तरी. मग त्याने आलेख वहीत घरं रंगवली, कुठला हिरवा किती वेळा येतो ते मोजलं, आणि आम्ही सात हिरवे जमवले. त्यातला एक त्याच्या लहान झालेल्या टीशर्टचा होता (टीशर्टचं कापड ताणतं म्हणून मागून फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावावं लागतं, नाहीतर चौकोन चौकोन राहत नाही). सगळे तुकडे जमिनीवर मांडून मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला की कुठले दोन हिरवे एकमेकांत मिसळून जातात ते लगेच कळतं, ही युक्ती कुणालाही उपयोगी पडेल. काळं आणि गडद हिरवं कापड आधी धुऊन, ओलं असतानाच पांढऱ्या फडक्याने घासून बघितलं, रंग सुटत नाही याची खात्री झाल्यावरच कापलं. कापायचं आणि इस्त्रीचं काम मात्र मोठ्यांनीच करायचं, गोल पात्याचा कटर फार धारदार असतो.

मापं अशी ठरवली होती की एक घर पाच इंचाचं, रुंदीत 10 आणि लांबीत 12 घरं म्हणजे 120 तुकडे, मधे 64 चा चेहरा आणि बाकी भोवतीने. चारी बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत जाणारं जास्तीचं कापड) धरून तुकडा साडेपाच इंचाचा कापायला हवा होता. मी सगळेच्या सगळे पाच इंचाचे कापले. कपडे शिवण्यात इतकी वर्षं गेली आणि माया धरायलाच विसरले, मला खूप वाईट वाटलं, कारण शिवल्यावर गोधडी 50 बाय 60 ची न होता 45 बाय 54 ची होणार होती आणि पोराचे पाय बाहेर आले असते. भाचा मात्र शांत. म्हणाला आत्या, क्रीपरपण असाच झालाय, गेम बनवणारा डुक्कर बनवत होता आणि त्याची उंची लांबी उलटी पडली. मी नंतर तपासलं, खरं आहे. मग त्यानेच सुचवलं की खाली मातीच्या दोन ओळी लावू, तपकिरी. 20 तुकडे वाढले, लांबी 63 इंच झाली. आज ती माती बघितली की मला वाटतं मुळातच हवी होती.

शिवताना एकच गोष्ट सांभाळावी लागते ती म्हणजे पाव इंच म्हणजे पाव इंच. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जरी जास्त दाबलं गेलं तरी तुकड्याच्या दोन्ही बाजू मिळून एक सूत जातं आणि दहा तुकड्यांत सव्वा इंच गायब, मग खालच्या ओळीशी कोपरे जुळत नाहीत. एका ओळीच्या शिवणी डावीकडे आणि पुढच्या ओळीच्या उजवीकडे इस्त्रीने दाबल्या की सांधे एकमेकांत नीट बसतात. प्रत्येक ओळीला भाच्याने नंबरची चिठ्ठी टाचली होती, ती नसती तर माझा गोंधळ नक्की होता. वरचे तुकडे, मधला कापूस आणि खालचं कापड असे तीन थर एकत्र करायला कच्चे टाके मी घातले, उसवले त्याने. प्रत्येक चौकोनाच्या कडेने हाताने धावदोरा घातला कारण टाके लांब लांब घातले तर धुताना आतला कापूस गोळा होतो.

गेम सुटलेला नाही, खोटं कशाला सांगू. अजून खेळतो. पण या चार महिन्यांत त्याने गुणाकार केला, मापं घेतली, आत्याची चूक सांभाळून घेतली, आणि तो काय बघतो ते मला पहिल्यांदा कळलं. त्याच्याशी बोलायला माझ्याकडे एवढं कधीच नव्हतं.

म्हणून विनंती अशी की आपल्या मुलांच्या पानावर शब्दकोड्याच्या शेजारी दर आठवड्याला चौकटीचा एक नमुना छापा, रंगांच्या नंबरांसकट, म्हणजे कुणी तो कागदावर रंगवेल, कुणी विणेल, कुणी शिवेल. भाच्याने आता स्वतःच्या मनाने एक प्राणी काढलाय, 12 बाय 12, तीनच रंग, बहिणीच्या गोधडीसाठी. तो या पत्रासोबत जोडलाय. डावा कान उजव्यापेक्षा एक घर मोठा आहे, तो मुद्दाम तसा काढलाय, छापताना सरळ करू नका असं त्याने सांगितलंय.

आपली,
एक वाचक आत्या